वडूजच्या गोळीबाराची बातमी कोणी द्यायची? युद्ध, परकी सत्ता आणि वर्तमानपत्रं

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला. खटाव तालुक्यातल्या गावागावांतून माणसं आली होती, परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पुढे होते. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, घार्गे आणि त्यांचे सोबती मारले गेले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे यांनी प्राण गमावले. सातारा-सांगलीकडच्या प्रत्येकाला शाळेपासून ही नावं माहीत असतात.

पण त्या आठवड्यात पुण्या-मुंबईच्या एखाद्या वर्तमानपत्राला ही बातमी छापायची असती, तर ती त्याने कुठून मिळवायची? याचं उत्तर महिनाभर आधीच सरकारी हुकमात लिहून ठेवलेलं होतं. ८ ऑगस्ट १९४२ रोजी, म्हणजे मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला त्याच दिवशी, हिंदुस्थान सरकारने भारत संरक्षण नियमांखाली आदेश काढला. या चळवळीची बातमी छापायची तर ती सरकारी सूत्रांकडून आलेली असावी, नाहीतर ठरावीक वृत्तसंस्थांकडून, नाहीतर अशा बातमीदाराकडून ज्याचं नाव जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे नोंदवलेलं आहे. बाकी सगळे मार्ग बंद. ज्या जिल्ह्याच्या पोलिसांनी गोळी झाडली, त्याच जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याने गोळीबार सांगायला कोण लायक आहे हे ठरवायचं, असा तो हुकूम होता.

त्याच उन्हाळ्यात, जून १९४२ मध्ये, हजारो मैलांवर गर्नझी नावाच्या छोट्या बेटावर जर्मन लष्कर घरोघरचे रेडिओ जप्त करत होतं. गर्नझी आणि जर्सी ही इंग्लिश खाडीतली बेटं ब्रिटिश राजमुकुटाच्या ताब्यातली. १९४० पासून तिथे जर्मनांचा कब्जा होता. तिथले लोक ब्रिटिश प्रजाजन, आणि त्यांना बीबीसी ऐकायला बंदी. म्हणजे एकाच वर्षी ब्रिटिश माणूस एका ठिकाणी बातमी दाबणारा होता आणि दुसऱ्या ठिकाणी बातमी दाबली गेलेला. युद्धात परकी सत्ता बातम्यांवर ताबा कसा मिळवते हे समजून घ्यायचं असेल, तर ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

आधी एक फरक मात्र साफ सांगायला हवा. नाझींनी पोलंड किंवा हॉलंडवर बसवलेला अंमल आणि इथलं ब्रिटिश राज्य एकच नव्हे. वॉर्सात रेडिओ जवळ बाळगल्याबद्दल मृत्युदंडापर्यंत शिक्षा होती. आपल्याकडे त्यासाठी कोणाला फाशी दिलं गेलं नाही. शिवाय साताऱ्याचं राज्य डलहौसीने १८४८ मध्येच खालसा केलं होतं, त्यामुळे १९४२ पर्यंत ती सत्ता इथे चांगली मुरलेली होती. तिची कोर्टं होती, कायदे होते, त्या कायद्यांविरुद्ध दाद मागायची सोयही होती. क्रौर्य कमी-जास्त होतं. पण ज्या लोकांनी आपल्याला निवडलेलं नाही त्यांच्यावर युद्ध चालू असताना राज्य करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखा होता, आणि त्यासाठी वापरलेली साधनं ओळखू येण्याइतकी सारखी होती.

आंतरराष्ट्रीय कायद्यालाही याची जाणीव आहे. १९०७ च्या हेग नियमांतलं ५३ वं कलम सांगतं की ताबा घेणाऱ्या सैन्याला बातम्या पोचवण्याची सगळी साधनं जप्त करता येतात, ती खाजगी मालकीची असली तरी. फक्त तह झाल्यावर ती परत करायची आणि भरपाई द्यायची. तार, टेलिफोन, पुढे रेडिओ. म्हणजे युद्धशास्त्राच्या लेखी बातमीचं यंत्र हे दारूगोळ्याच्या कोठारासारखंच.

कायद्याने यंत्र जप्त करता येतं, पण हुशार सत्ता वर्तमानपत्र बंद करत नाही. ते चालू ठेवते. ही गोष्ट समजली की बाकीचं बरंच उलगडतं. गर्नझीत ‘स्टार’ आणि ‘ईव्हनिंग प्रेस’ ही तिथली जुनी पत्रं जर्मन काळातही निघत होती. नाव तेच, अक्षरं तीच, आत छपाईआधी जर्मन अधिकाऱ्याने तपासलेला मजकूर. पॅरिसमध्ये अनेक जुनी नावं जर्मन परवानगीने पुन्हा निघाली. वॉर्सात पोलिश वर्तमानपत्रं बंद करून जर्मनांनी ऑक्टोबर १९३९ मध्ये स्वतःचं पोलिश भाषेतलं दैनिक काढलं, आणि त्याचं नाव जुन्या ओळखीच्या पत्राशी मिळतंजुळतं ठेवलं. रोज सकाळी ओळखीचा कागद दारात पडला की माणसाला वाटतं, जग अजून जाग्यावर आहे. मृत्यूच्या नोंदी, रेशनच्या वेळा, बाजारभाव, हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती हे सगळं खरंच असतं, रोजच्या गरजेचं असतं, आणि त्याच्याच शेजारी सत्तेला हवा असलेला मजकूर बसतो. शेजारच्या खऱ्या मजकुराचा भरवसा त्यालाही मिळून जातो.

डेन्मार्कमध्ये तर याहून मऊ पद्धत होती. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं, पण ऑगस्ट १९४३ पर्यंत डॅनिश सरकार आपल्या जागी होतं आणि काय छापू नये याच्या सूचना डॅनिश परराष्ट्र खात्याकडून जायच्या. सूचना देणारा आपल्याच भाषेत बोलणारा, अदबीने समजावणारा. संपादकाला जर्मन अधिकाऱ्याचं तोंडही बघावं लागत नसे.

हे वाचताना मला आपल्याकडची १९४० सालची हकिकत आठवते, आणि त्यावर जरा थांबायला हवं असं वाटतं. त्या वर्षी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, आणि युद्धाला विरोध उभा करील असं काहीही छापायला सरकारने भारत संरक्षण नियमांतल्या नियम ४१ खाली बंदी घातली. गांधीजींनी आपलं ‘हरिजन’ साप्ताहिक थांबवलं. संपादक खवळले. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत ते जमले, ‘हिंदू’चे के. श्रीनिवासन यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद उभी राहिली, आणि सरकारशी समेट झाला. सरकारने तो हुकूम मागे घेतला. त्याच्या बदल्यात दिल्लीत आणि प्रांतोप्रांती सल्लागार समित्या नेमल्या गेल्या, ज्यांत संपादकच बसणार आणि काय छापणं योग्य हे सरकारशी बोलून ठरवणार.

वरवर पाहता हा संपादकांचा विजय होता, काही अंशी तो खराही होता. पण मला ही समिती तुरुंगापेक्षा परिणामकारक वाटते. तुरुंगात गेलेला संपादक लोकांच्या नजरेत मोठा होतो. टिळकांच्या १८९७ आणि १९०८ च्या खटल्यांनी इंग्रजांना हे शिकवलंच होतं. समितीत बसलेला संपादक मात्र रोज आपल्याच हाताने एकेक ओळ सौम्य करत जातो, आणि हेतू वाईट नसतो. पत्र टिकलं पाहिजे, कामगारांचे पगार झाले पाहिजेत, निदान अर्धी गोष्ट तरी वाचकापर्यंत गेली पाहिजे. कोणीही समंजस माणूस हाच विचार करील. पत्र बंद करून बाजूला व्हायचं की वाकून का होईना चालू ठेवायचं, याचं एकच बरोबर उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. लखनौचं ‘नॅशनल हेरल्ड’ १९४२ मध्ये बंद झालं ते १९४५ मध्येच पुन्हा निघालं. त्या तीन वर्षांत त्याच्या वाचकांना त्याच्याकडून अर्धी गोष्टही मिळाली नाही, हेही खरं.

आणि वाकलेली माणसं कधी ताठही होतात. मध्य प्रांतातल्या चिमूरमध्ये ऑगस्ट १९४२ मध्ये लष्कर-पोलिसांनी जे केलं, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्याची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसले. सरकारने उपोषणाची बातमीच छापायला बंदी केली. तेव्हा याच संपादक परिषदेच्या हाकेवरून ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंक काढला नाही. नववर्षाच्या सरकारी किताबांच्या याद्या आणि सरकारी परिपत्रकं छापायचं त्यांनी नाकारलं. आठवड्याभरात बंदी उठली. ज्या सत्तेला वर्तमानपत्र चालू हवं असतं, तिला वर्तमानपत्राचा संप झोंबतो, याचा हा पुरावा.

कायदा आणि समिती यांच्याइतकंच एक मुकं हत्यार होतं ते कागदाचं. त्या काळी हिंदुस्थानात वर्तमानपत्राचा कागद बनत नव्हता, तो परदेशातून यायचा. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे घेतला आणि उत्तर युरोपातून येणारा पुरवठा तुटला. जहाजांत जागा नव्हती, समुद्रात पाणबुड्या होत्या. टंचाई खरीच होती. पण टंचाई आली की वाटप आलं, आणि वाटप आलं की ते कोणाच्या तरी हातात आलं. पानं घटली, किमती वाढल्या, नवं पत्र काढणं जवळजवळ अशक्य झालं. ज्याला कागद हवा त्याला सरकारशी बरं राहणं भाग होतं. १९३१ च्या कायद्याखाली छापखान्याकडून घेतला जाणारा जामीन, आणि न आवडतं छापलं की तो जप्त, हे जुनं शस्त्र होतंच. छोट्या गावातल्या, कर्ज काढून पायाने चालवायचं ट्रेडल छपाईयंत्र घेतलेल्या छापखानेवाल्याला जामीन जप्त होणं म्हणजे धंदा बसणं.

चित्रपटांचंही तसंच. कच्ची फिल्म परदेशी, म्हणून तिच्यावर परवाना. आणि १९४३ पासून चित्रपटगृहांना प्रत्येक खेळात सरकारमान्य माहितीपट आणि बातमीपट दाखवणं सक्तीचं. पैसेही चित्रपटगृहवाल्यानेच भरायचे.

आता रेडिओ. युद्ध सुरू झालं तेव्हा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात रेडिओचे परवाने एक लाखाच्या आसपास होते. सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक गावांनी रेडिओ पाहिलेलाही नसणार. तरीही सरकार त्याला घाबरत होतं, कारण एक रेडिओ म्हणजे एक कुटुंब असं तेव्हा नव्हतं. तालुक्याच्या गावात एका वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या घरी ऐकलेली बातमी आठवडी बाजाराच्या दिवशी वीस गावांत जायची. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं आणि चारच दिवसांनी सुभाषबाबूंचा आवाज बर्लिनहून लोकांनी ऐकला. मार्चच्या अखेरीस ते विमान अपघातात वारल्याची बातमी रॉयटर्सने दिली. ती खोटी निघाली. सुभाषबाबू पुन्हा स्वतः रेडिओवर बोलले. एवढ्या एका गोष्टीने लोकांच्या मनात अधिकृत बातमीची किंमत किती घसरली असेल, याचा विचार करा.

सुभाषबाबूंचा आवाजही शत्रूच्याच यंत्रावरून येत होता, हे विसरून चालणार नाही. बर्लिनला हिंदी स्वातंत्र्याचं प्रेम नव्हतं, ब्रिटिशांची डोकेदुखी वाढवण्यात रस होता. प्रचाराच्या युद्धात प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या गुलामाला स्वातंत्र्याची भाषा ऐकवते. जुलै १९४० पासून डच लोकांसाठी लंडनहून बीबीसीवर ‘रेडिओ ओरान्ये’ सुरू झाला. जर्मन हुकूम मोडून तो ऐकणाऱ्या डच माणसाला लंडन शूर समजत होतं. मे १९४३ मध्ये जर्मनांनी हॉलंडमधले सगळे रेडिओ जमा करायला लावले, तरी लोक लपवलेल्या यंत्रांवर ऐकत राहिले. आणि हेच लंडन ज्या सरकारचं मुख्यालय होतं, त्या सरकारचे पोलीस १९४२ च्या पावसाळ्यात मुंबईभर एक छुपा रेडिओ शोधत फिरत होते. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू झाला होता. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर आणि त्यांचे सोबती जागा बदलत बदलत तो चालवत. चिमूर-आष्टीची हकिकत, जमशेदपूरचा संप, जे छापायला बंदी होती ते ते त्यावरून सांगितलं गेलं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

गर्नझीतही त्याच वर्षी पाच माणसांनी हेच केलं. चोरून बीबीसी ऐकायचं, टाइपरायटरवर पातळ कागदाच्या प्रती काढायच्या आणि हातोहात वाटायच्या. त्यांचा म्होरक्या चार्ल्स मॅकन स्वतः वर्तमानपत्रात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार होता. सेन्सॉरने तपासलेलं पान तो दिवसा लावत असे आणि खरी बातमी उरलेल्या वेळात. १९४४ च्या सुरुवातीला फितुरीमुळे ते सापडले. मॅकन आणि जोसेफ गिलिंगहॅम जर्मनीतून परत आले नाहीत. उषाताई आणि मॅकन एकाच कामासाठी पकडले गेले; फक्त एकाला पकडणारं सरकार दुसऱ्याचं स्वतःचं होतं.

प्रचार म्हणजे खोटेपणा, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे, आणि यासाठी आपल्या शेजारचंच उदाहरण घेता येईल. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. साताऱ्यात पाचगणीलाही आजारी पोलिश मुलांसाठी केंद्र होतं. ही माणसं जर्मनांपासून पळालेली नव्हती. पोलंडचा पूर्व भाग १९३९ मध्ये सोव्हिएत रशियाने घेतला होता, आणि तिथून त्यांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं गेलं होतं. अशा कुटुंबांतले कित्येक कर्ते पुरुष, लष्करी अधिकारी, १९४० पासून बेपत्ता होते.

१३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिन रेडिओने जाहीर केलं की रशियात कॅटिनच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत आणि त्यांना सोव्हिएत पोलिसांनी मारलं आहे. सांगणारा हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याचा विभाग होता. ज्यांनी स्वतः पोलंडमध्ये लाखोंना मारलं, ते दुसऱ्याच्या खुनावर अश्रू ढाळत होते. हेतू उघड होता, दोस्त राष्ट्रांत फूट पाडायची. पण बातमी खरी होती. १९४० च्या वसंतात स्टालिनच्या मंडळाच्या हुकमाने सुमारे २२,००० पोलिश अधिकारी, पोलीस आणि सुशिक्षितांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. मॉस्कोने हे जर्मनांचंच काम असल्याचं सांगितलं आणि लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारने रेडक्रॉसची चौकशी मागितली म्हणून त्याच्याशी संबंध तोडले. आणि ब्रिटिश सरकार? रशिया आता मित्र होता, युद्ध जिंकायचं होतं, म्हणून प्रकरण वाढू न देण्यात त्याने आपलं हित पाहिलं. खोटं बोलण्यात तरबेज माणूस खरं सांगत होता, आणि ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा ते गप्प होते. सोव्हिएत सरकारने कबुली दिली ती १९९० मध्ये.

म्हणून युद्धकाळातली बातमी तपासताना ‘हे खरं की खोटं’ एवढंच विचारून भागत नाही. हेच आजच का सांगितलं, कोण सांगतंय, आणि याच विषयावर कोण बोलत नाही, हेही विचारावं लागतं. मला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मौन छापील पानावर दिसत नाही.

मौनाचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्यात स्फोटकंही होती आणि कापसाच्या गाठीही. शेकडो माणसं मेली, गोदीच्या आसपासचा भाग जळाला, मैलोन्‌मैल खिडक्यांच्या काचा फुटल्या. आपल्याकडचे अनेक लोक तेव्हा गिरण्यांत आणि गोदीत कामाला होते. सातारा जिल्ह्यातलं क्वचितच एखादं गाव असेल ज्याची माणसं मुंबईत नव्हती. पण सेन्सॉरने तपशील अडवला. शत्रूला कळू नये हे कारण. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने स्फोटाची सविस्तर हकिकत सांगितली. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांना ती नीट छापायची परवानगी मिळाली मे महिन्यात. शत्रूला सगळं माहीत होतं; माहीत नव्हतं ते फक्त वाईजवळच्या किंवा तासगावजवळच्या एखाद्या आईला, जिचा मुलगा गोदीत हमाल होता.

जहाजांच्या वेळा, पलटणींच्या हालचाली लपवायचा अधिकार लढणाऱ्या सरकारला असतो, हे मला मान्य आहे. त्यात माणसांचे जीव वाचतात. पण ही मर्यादा किती सहज ओलांडली जाते ते १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात दिसलं. लाखो माणसं उपासमारीने मरत होती, सरकारला तो शब्द उच्चारायचा नव्हता. कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’चे संपादक इयान स्टीफन्स यांनी २२ ऑगस्ट १९४३ रोजी रस्त्यावरच्या भुकेल्यांची छायाचित्रं छापली आणि मगच जगाला कळलं. ते पत्र इंग्रजांच्या मालकीचं होतं, संपादकही इंग्रज. सेन्सॉरच्या नियमांत शब्दांबद्दल बरंच काही होतं. त्यांनी छायाचित्रांची वाट काढली.

बातमी अडवली की लोक गप्प बसत नाहीत, ते दुसरीकडून मिळवतात. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. त्याला वर्तमानपत्र नव्हतं. सायक्लोस्टाइलवर काढलेली बुलेटिनं होती, निरोप्यांची साखळी होती, जत्रा आणि बाजार होते, शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचे पोवाडे होते. पोवाड्याला जामीन लागत नाही आणि कागदही लागत नाही. इंग्रजांना मराठी माणसाच्या या ताकदीची कल्पना नव्हती असं नाही. सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर त्यांनी १९१० मध्येच बंदी घातली होती, कारण प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता. पण नाटकाला थिएटर लागतं. पारावर डफ घेऊन उभ्या राहणाऱ्या शाहिराला अडवायला गावागावात शिपाई लागला असता. त्यात कुंडल, किर्लोस्करवाडी हा भाग औंध संस्थानात, सांगली पटवर्धनांच्या संस्थानात आणि तासगाव, वाळवा ब्रिटिश जिल्ह्यात. दोन-चार मैलांवर राज्य बदलायचं, त्याबरोबर फौजदाराची हद्दही बदलायची.

इथे आपल्या माणसांबद्दलही खरं बोललं पाहिजे. तोंडी बातमी फुगते. सरकार दरोडेखोरांची टोळी म्हणून प्रतिसरकारची बदनामी करत होतं, आणि प्रतिसरकारवाले शिक्षा म्हणून माणसाच्या पायाला पत्रे ठोकतात ही गोष्ट जिल्हाभर पसरलेली होती. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी पुढे सांगितलं की प्रत्यक्षात तळपायांवर काठीचा मार दिला जाई. पण ती भयंकर गोष्ट पसरल्याने सरकारला चळवळ क्रूर ठरवता आली आणि फितुरालाही धाक बसला. दोन्ही बाजूंच्या सोयीची असलेली अफवा मरत नाही. ज्या समाजात भरवशाचं वर्तमानपत्र उरलेलं नसतं, तिथे अशी गोष्ट तपासायला कोणाकडे जायचं? खबर अडवणाऱ्या सत्तेने केलेलं हे नुकसान तिच्यानंतरही राहतं.

साधनं आता बदलली आहेत, पद्धत बदललेली नाही. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने युक्रेनचं खेरसन शहर घेतलं, तेव्हा टीव्हीचा मनोरा ताब्यात घेऊन युक्रेनी वाहिन्यांच्या जागी रशियन वाहिन्या लावल्या. मग शहराचं इंटरनेट क्रिमियामार्गे रशियन जाळ्यातून वळवलं. उद्ध्वस्त मारियुपोलमध्ये, जिथे वीज नव्हती, तिथे मोठे पडदे लावलेल्या गाड्या उभ्या करून रशियन बातम्या दाखवल्या. वॉर्साच्या चौकातले जर्मन भोंगे आणि या गाड्या यांत मला फारसा फरक दिसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये खेरसन सुटलं तेव्हा बाहेर काय चाललं होतं हे तिथल्या कित्येकांना तुकड्यातुकड्यांतच कळलेलं होतं.

१९४२ ते १९४६ मधलं जुनं वर्तमानपत्र कोणाला वाचायला मिळालं तर बातमीच्या आधी ती कुठून आली आहे ते पाहावं. ‘सरकारी पत्रकावरून’ असं आहे, की वृत्तसंस्थेचं नाव आहे, की काहीच नाही? गोळीबाराच्या बातमीत मृतांचा आकडा आहे पण नावं नाहीत, असं दिसलं तर का, ते विचारावं. आणि मग तोच आठवडा सरकारच्या जप्त साहित्यात शोधावा. सरकारने जे जे बेकायदा ठरवलं त्याची प्रत फायलीत जपून ठेवली, आणि त्यातलं बरंच दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आज वाचता येतं, मराठी पत्रकांसह. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मराठी वर्तमानपत्रांवर नजर ठेवून केलेले सरकारी अहवाल आहेत.

पण साताऱ्याची बुलेटिनं सगळीच पोलिसांच्या हाती लागली नव्हती. जी लागली नाहीत ती घरांत राहिली, माळ्यावर, देवघरामागे, ट्रंकेत. २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं पाण्यात गेली. कृष्णाकाठच्या घरांतून अशी किती पत्रकं गेली त्याची नोंद कुठेच नाही. कुंडल, वाळवा, तासगाव, कराड, खटाव या भागांत कोणाच्या घरी त्या काळातलं पत्रक, पोवाड्याची वही किंवा सेन्सॉरचा शिक्का असलेलं फौजी पत्र असेल, तर आधी दिवसाच्या उजेडात त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. ते कोणाकडून आलं, घरात कोण चळवळीत होतं, हे वेगळ्या कागदावर लिहावं आणि एक प्रत शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाकडे किंवा जवळच्या जुन्या वाचनालयाकडे द्यावी. लॅमिनेशन मात्र करू नये, त्याने जुना कागद कायमचा खराब होतो.